राजाचं झाड आणि कोलकॉर्डबाईंचं स्वयंपाकघर

कोल्डब्रुक, न्यू हॅम्पशर
१२ एप्रिल १७७१

चि. जोथम यास ताईचे अ. उ. आ.

पत्रास कारण एक झाड आहे.

आमच्या मागच्या दारचा मोठा पाईन तुला आठवत असेल. माझ्या लग्नात त्याच्याच खाली तू काकवीचं भांडं पास्टरसाहेबांच्या मांडीवर उपडं केलं होतंस. तो या हिवाळ्यात घराकडे कलला. स्वयंपाकघराचं छप्पर बरोबर त्याच्या खाली येतं. मी तो तोडवून घेणार होते, तोवर तुमच्या जंगल कचेरीची माणसं आली आणि त्यांनी बुंध्यावर कुऱ्हाडीचे तीन घाव घालून बाणाची खूण केली. एक फुटाहून जाड प्रत्येक पाईन इंग्लंडच्या राजाचा, त्याच्या जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी, असं त्यांनी मला सांगितलं. ते मला माहीत होतं. मी विचारलं की राजा तो नेणार कधी. ते म्हणाले, लागेल तेव्हा. झाड कललेलं आहे हे राजाला ठाऊक आहे का, असं विचारल्यावर ते हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

करवतीच्या गिरणीचा अब्नर टक म्हणतो, बाई, तोडून टाका आणि वाऱ्याने पडलं म्हणून सांगा. वारा कुऱ्हाड वापरत नाही, असं मी त्याला सुनावलं. त्यावर तो म्हणाला की कोल्डब्रुकमध्ये वापरतो. लहानपणी माझ्या शाळेत हा मुलगा निम्मा वेळ कोपऱ्यात उभा असे. मी त्याला लवकर सोडला, असं आता वाटतं.

मी खोटं बोलणार नाही आणि कायदाही मोडणार नाही. पण हे घर ह्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं, ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मला दुसरं घर नाही. तू त्या कचेरीत कारकून आहेस. कोणत्या कागदावर अर्ज करायचा ते कळव.

सौ. ड्रूसिलेस आशीर्वाद. तिच्या फॅशनच्या अंबाड्याची उंची आणखी वाढली असेल तर दारातून जाताना वाकायला सांग. माया आहेच, उत्तर तेवढं पाठव.

तुझी ताई,
मेहिटेबल

•

पोर्ट्समथ
२ मे १७७१

ती. ताईस जोथमचे सा. न. वि. वि. (उभ्यानेच, कारण कचेरीत साष्टांग घालण्याइतकी जागा नाही.)

तुझ्या पत्राने कचेरीत खळबळ उडाली. मी इथे अकरा वर्षं आहे. एवढ्या काळात झाड तोडण्याआधी परवानगी विचारणारी तू पहिलीच. मोठ्या साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि यात काही डाव आहे का, असं मला विचारलं. मी म्हणालो, साहेब, ही माझी बहीण आहे, तिला डाव येत नाहीत.

अर्जासोबत पुढील माहिती हवी: झाडाची जाडी, उंची, कल, आणि ते पडण्याची अपेक्षित तारीख. शेवटचा रकाना रिकामा सोडता येत नाही. त्याखेरीज आमचे नवे उपनिरीक्षक फॅनशॉ साहेब पाहणीला जातीने येतील. ते लंडनहून आले आहेत आणि फार बारकाईचे आहेत. त्यांना बीन्स आणि मक्याची भाकरी देऊ नकोस, ते पावाशिवाय काही खात नाहीत.

ताई, एक खाजगी गोष्ट. हेडक्लार्कची जागा रिकामी होते आहे. ज्याची बहीण परवानगी विचारते त्या कारकुनाकडे साहेब हल्ली निराळ्या नजरेने पाहतात. तू अशीच राहा.

ड्रूसिला वाकूनच जाते. कृपा असू दे, आणि टकचं ऐकू नकोस.

तुझा,
जोथम

•

कोल्डब्रुक
२१ जुलै १७७१

चि. जोथम यास आशीर्वाद, पण आज जरा हात आखडून.

झाड तीन फूट अकरा इंच जाड, उंची माझ्या चर्चच्या कळसाहून जास्त, कल ओळंबा लावून मोजला तर सहा हात. पडण्याची तारीख मी लिहिली नाही. ते झाडाला विचारा.

तुझे फॅनशॉ साहेब मंगळवारी आले. ते येणार हे मी गावात सांगितलं, कारण पाहुणा सरकारी असला की रस्ता झाडून ठेवावा. रस्ता कोणी झाडला नाही. मात्र घराघरांत बायकांनी जमिनीवर सतरंज्या, गोधड्या, पलंगपोस जे मिळेल ते अंथरलं. या गावात प्रत्येकाच्या जमिनीला दीड-दोन फूट रुंद पाईनच्या फळ्या आहेत, आणि एक फुटाच्या झाडातून दोन फुटांची फळी निघत नाही हे फॅनशॉ साहेबांनाही कळतं. टकांकडे सतरंज्या पुरल्या नाहीत. तिथे सबंध कुटुंब उघड्या फळ्यांवर गुडघे टेकून प्रार्थना करत राहिलं. साहेब दोन तास थांबले. अब्नरने तेवढी प्रार्थना आजवर सगळी मिळून केली नसेल.

मी काही अंथरलं नाही. मी लपवत नाही. साहेबांनी माझ्या स्वयंपाकघराची जमीन पाहिली, फळ्या कोणी कापल्या विचारलं. ह्यांनी, एकोणीस वर्षांपूर्वी, असं मी सांगितलं. त्यांनी नऊच्या नऊ फळ्यांवर छिन्नीने बाण कोरला. आता त्या राजाच्या आहेत. गाडी येऊन उचलून नेईपर्यंत त्या जागच्या जागी राहतील आणि त्यांच्यावर कोणी पाय द्यायचा नाही. मी विचारलं की मग चुलीपर्यंत जायचं कसं. त्यांनी थोडा विचार केला आणि त्यासाठी वेगळा अर्ज लागेल, असं सांगितलं. झाडाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले की झाड उत्तम आहे.

अख्ख्या गावात परवानगी मागणारी मी एकटी, आणि जप्ती आली ती एकट्या माझ्यावर. अब्नर दारात उभा राहून नुसता टोपी फिरवत होता. ते बोलण्याहून वाईट होतं.

तुझ्या बायकोची आठवण काढते, तुझी काढायची की नाही ते उत्तर वाचून ठरवीन.

मेहिटेबल

•

पोर्ट्समथ
३० सप्टेंबर १७७१

ती. ताईस सा. न. वि. वि. या वेळी शक्य तितका वाकून.

मला तोंड दाखवायला जागा नाही. तरी तुझा अर्ज मी स्वतः पुढे रेटला आणि तो मंजूर झाला. सोबत परवाना आहे. त्यानुसार विधवा कोलकॉर्ड यांना राजाच्या फळ्यांवरून चुलीपर्यंत जाण्यास व परत येण्यास मुभा आहे. मुभा एका व्यक्तीस, मऊ पायताण घालून, सूर्योदय ते सूर्यास्त. पाहुण्यांना नाही. फळ्या राखेच्या पाण्याने धुऊ नयेत, असं मोठ्या साहेबांनी आपल्या हाताने समासात लिहिलं आहे. ती त्यांची मेहेरबानी समज, ते सहसा समासात लिहीत नाहीत.

झाडाचा अर्ज मात्र इथे निकालात निघत नाही. कललेल्या झाडाचा नियम आमच्याकडे नाही. तो लंडनला पाठवला आहे. तारखेच्या रकान्यात मी ‘लवकरच’ असं लिहिलं, कारण तो रिकामा ठेवता येत नव्हता.

तू रागावली आहेस हे कळतं, कारण तू ड्रूसिलेला लोकर पाठवलीस आणि मला काही नाही. राग निवळला की कळव.

जोथम

•

कोल्डब्रुक
९ मार्च १७७२

चि. जोथम यास अ. उ. आ. थंडीमुळे राग गोठला आहे, निवळला नाही.

तुझा परवाना मी भिंतीवर लावला. तो वाचायला पाच मैलांवरून लोक येतात. पाहुण्यांना फळ्यांवर पाय द्यायचा नसल्याने दारापासून चुलीपर्यंत मी खुर्च्या मांडल्या आहेत आणि मंडळी खुर्च्यांवरून उड्या मारत येतात. पास्टरीणबाई जाडजूड आहेत. त्या तिसऱ्या खुर्चीवर अडकल्या, आणि तिथूनच त्यांनी राजाबद्दल जे काही म्हटलं ते मी लिहीत नाही. त्या बाईने आजवर मांजरालासुद्धा वाईट शब्द वापरला नव्हता.

आता दर गुरुवारी माझ्याच स्वयंपाकघरात सभा भरते. ज्यांना मी बाराखडी शिकवली ते खुर्चीवर उभे राहून भाषणं करतात. पोर्ट्समथ काय, लंडन काय, आम्हाला न विचारता आमच्याबद्दल ठरवतात, असं अब्नर टक म्हणाला. वाक्य बरं होतं. त्यांनी ‘विधवा कोलकॉर्ड यांचे हाल’ नावाचा ठराव लिहिला. त्यात सतरा विशेषणं होती. मी पंधरा काढली. ठरावात माझं नाव नको, असंही मी म्हणणार होते, पण उरलेली दोन विशेषणं योग्य होती.

आता हसण्याचं सोड आणि वाच. मी दर सोमवारी ओळंबा लावते. कल सहा हात होता, तो आता आठ आहे. परवा एक फांदी कोठीचं छप्पर फोडून आत आली. बीन्सचं मडकं फुटलं. मी त्याच जागी अर्धा तास आधी उभी होते. अंथरूण मी गोठ्यात हलवलं आहे. गाय समजूतदार आहे, पण ते माझं घर नाही.

मी अजून राजाच्या बाजूची आहे. फक्त त्याने एकदा माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून वर बघावं, असं वाटू लागलं आहे.

घाई कर. मायेला मुदत नाही, छपराला आहे.

मेहिटेबल

•

पोर्ट्समथ
१८ जून १७७२

ती. ताईस आनंदपूर्वक सा. न. वि. वि.

लंडनचं उत्तर आलं. मोहोर लावलेला मूळ हुकूम सोबत आहे, जपून उघड. मी सारांश देतो. झाड डोलकाठीच्या दर्जाचं असल्याने तोडता येणार नाही. परंतु अर्जदार बाईंची अडचण मंडळाने सहानुभूतीने विचारात घेतली आहे. झाड जागेवरून हलू शकत नाही, आणि घर हलू शकतं असं मंडळाच्या ऐकिवात आहे. सबब, बाईंनी आपलं घर योग्य त्या सर्व साधनांनी हलवावं.

ताई, मला तर हे फार समंजस वाटलं. आपल्याकडे लाकडी घरं बैल जुंपून हलवतातच की. तुमच्या पास्टरांचं घर दोनदा हललं, एकदा गाळामुळे आणि एकदा त्यांच्या बायकोला खिडकीतून सासू दिसायची म्हणून. मोठे साहेब मला म्हणाले की तुमच्या भगिनींनी हे नीट पार पाडलं तर हेडक्लार्कच्या जागेचं बघू.

बैलांना जपून हाक. प्रेम जसं आहे तसंच राहू दे, घराची तेवढी जागा बदल.

जोथम

•

कोल्डब्रुक
२ ऑगस्ट १७७२

चि. जोथम यास अ. उ. आ.

राजाच्या हुकुमाची अंमलबजावणी झाली. तुझ्या दप्तरासाठी तपशील देते.

हुकूम मी सभेत वाचून दाखवला. मग चर्चचा म्हातारा डीकन म्हणाला की लंडनला घर आणि कोंबड्यांचं खुराडं यांतला फरक ठाऊक नसावा. मी त्यांना गप्प केलं. हुकूम तो हुकूम.

घर ओढायचं तर ते घसरायला त्याखाली दोन सोट घालावे लागतात. घराहून लांब, पिंपाइतके जाड. ओक एवढा सरळ मिळत नाही. पाईनच लागतो, आणि तेवढा जाड पाईन राजाचा. पुन्हा अर्ज केला तर पुढचा उन्हाळा उजाडेल. तोवर माझ्याकडे हलवायला घर उरलं नसतं. मी हुकूम परत वाचला. ‘योग्य त्या सर्व साधनांनी’ असं त्यात स्पष्ट आहे. योग्य लांबीचा आणि योग्य जाडीचा पाईन सबंध गावात एकच होता. तो माझ्या मागच्या दारी उभा होता.

म्हणून राजाचा हुकूम पाळण्यासाठी मी राजाचं झाड तोडवलं. अब्नर टकने चार वेळा विचारलं की बाई, मी बरोबर ऐकलं का. मग तो खाली बसला. त्याला पाणी द्यावं लागलं.

दोर बांधून चाळीस बैलजोड्यांनी झाड उलट्या बाजूला ओढून धरलं. ते टर्निपच्या वाफ्यात पडलं. घराला ओरखडाही आला नाही. मग ते उभं चिरून त्याचे दोन सोट केले. सोट घराखाली गेल्यावर गावाला वाटलं, आता झाडच नाही तर घर कशाला हलवायचं. मी म्हटलं, हुकुमात झाड पडल्यास हलवू नये असं कुठे लिहिलं आहे. बैल जुंपले आणि घर एक वीत हलवलं. वीत माझी, तीन वेळा मोजली. चुलीवर बीन्स शिजत होत्या, त्या सांडल्या नाहीत.

एक शंका आहे. घराबरोबर राजाच्या नऊ फळ्याही एक वीत हलल्या. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो का?

आशीर्वाद पूर्ण देते. गोठ्यातून घरात झोपायला आले.

मेहिटेबल

•

पोर्ट्समथ
५ सप्टेंबर १७७२

ती. ताईस सा. न.

बाकी मायना सुचत नाही. तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवणार होतो, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचलंही. मग ते त्यांच्यापुढे ठेवलं. बाकीचं त्यांनी स्वतः वाचलं.

फॅनशॉ साहेब एक ऑक्टोबरला येत आहेत, बुडखा मोजायला. तो एक फुटाहून रुंद निघाला तर घर आणि जमीन जप्त होईल आणि तुला कोर्टात उभं राहावं लागेल. तुझ्या पहिल्या अर्जातला आकडा ते धरत नाहीत. तो अर्ज लंडनला गेला आणि परत आला नाही. मोजणी नव्याने व्हायला हवी, आणि ती करायची आहे मला.

ताई, हुकुमाचा अर्थ तू लावलास तसा लागतो का, हे मी तीन दिवस तपासतो आहे. मला चूक सापडत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

बुडख्याबद्दल मला काही लिहू नकोस. लिहिलंस तर नोंदवावं लागेल.

जोथम

•

कोल्डब्रुक
६ ऑक्टोबर १७७२

जोथम,

तू इथे होतास, तरी घडलं ते सांगते, कारण तू बहुतेक वेळ खाली बघत होतास.

आदल्या दिवशी गावाने माझ्या मागच्या शेतात, बुडख्याभोवती, ऐंशी बैल उभे केले होते. कशाला, असं मी विचारलं, तर हवा खायला, असं उत्तर मिळालं. त्यामुळे सकाळी फॅनशॉ साहेबांनी गाडीतून बूट बाहेर काढला, खाली पाहिलं आणि परत आत घेतला. तुला एकट्याला पाठवलं. तू घोट्यापर्यंत शेणात चालत आलास. बुडख्यावर पास्टरीणबाई आणि आणखी पाच जणी दाटीवाटीने उभ्या होत्या. तू टोपी काढून त्यांना उतरायची विनंती केलीस आणि त्या उतरल्या. सगळा गाव भोवती उभा होता. कोणी धमकी दिली नाही. तू पट्टी टाकलीस. एक, दोन, तीन, आणि वर अकरा इंच. मी तुझ्या मागेच उभी होते.

तू वहीत लिहिलंस आणि मोठ्याने वाचलंस: अकरा इंच.

अब्नरने टोपी काढली. मग बाकीच्यांनी.

फॅनशॉ साहेब गाडीतून ओरडले की कोलकॉर्डबाई खोटं बोलत नाहीत असं ऐकतो, त्यांनीच सांगावं. मी गाडीपर्यंत गेले. मी सांगितलं की माझ्या भावाला मोजायला मी शिकवलं, त्याने माझ्यासमोर मोजलं, आणि अकरा इंच त्यात होते. हे खरं आहे. तीन फूट होते का, ते त्यांनी विचारलं नाही.

घर राहिलं. पण अर्धं उत्तर म्हणजे चुकीचं उत्तर, असं मी तीस वर्षं मुलांना शिकवत आले. तू माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी होतास.

तुला काय म्हणावं ते ठरत नाही. पायमोजे पाठवते आहे, तुझे तर वाया गेले असतील.

ताई

•

पोर्ट्समथ
१५ डिसेंबर १७७२

ती. ताईस सा. न. वि. वि. आता घरून लिहितो, त्यामुळे साष्टांगाला जागा आहे आणि वेळही.

फॅनशॉ साहेबांनी परतताना दोन दिवस विचार केला. अकरा इंचांच्या झाडातून घराखालचे दोन सोट कसे निघाले, असं त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं. मी म्हणालो, मोजलं ते लिहिलं. मोठ्या साहेबांपुढे सुनावणी झाली. नोंद चूक ठरवली तर कचेरी चूक ठरते. आणि लंडनने घर हलवायला सांगितलं होतं ही गोष्ट कोर्टात वाचली जावी, असं कोणालाच वाटत नव्हतं. शेवटी नोंद बरोबर आणि नोंद करणारा चूक, असा निर्णय झाला. तुझं घर सुटलं. मी कचेरीतून सुटलो.

बारा वर्षं मला जे सांगितलं ते मी लिहिलं. त्या बुडख्यापाशी मला काही सुचलं नव्हतं, ताई. मी तीन फूट लिहायलाच निघालो होतो. मान वर केली तर समोर तुझं छप्पर आणि त्यातून निघणारा धूर दिसला, आणि लिहायची सुरुवात इंचांपासून झाली.

ड्रूसिलेने राजाचा कर लागतो म्हणून चहा सोडला आहे. शेजारणी तिला रस्त्यात थांबवून नमस्कार करतात, त्यामुळे तिला नवऱ्याची नोकरी गेल्याचं दुःख नीट करता येत नाही. मी मात्र दिवसभर खिडकीत बसतो. कारकुनीखेरीज मला काही येत नाही, आणि राजाखेरीज कोणाला कारकून लागत नाहीत.

तुझा राग गेला का, एवढंच लिहिलंस तरी चालेल.

जोथम

•

कोल्डब्रुक
१७ मार्च १७७३

चि. जोथम यास अ. उ. आ., आणि सौ. ड्रूसिलेस दुप्पट.

काल गावाची वार्षिक सभा झाली. कुंपण तपासणारे दोन, मोकाट डुकरं धरणारा एक, हे नेहमीप्रमाणे नेमले. मग यंदा लाकूडमोजणीदार नेमायचा होता. फळी विकली जाण्याआधी तिची रुंदी आणि लांबी त्याने सांगायची आणि ती सगळ्यांनी मान्य करायची, असं ते काम. अब्नर टकने तुझं नाव मांडलं.

बायकांना सभेत बोलता येत नाही. मी दारात उभी राहून बोलले. मी सांगितलं की या माणसाने याच गावात, माझ्या डोळ्यांसमोर, तीन फुटांची चूक केली आहे, हे सभेने लक्षात घ्यावं.

सभा म्हणाली की तेच लक्षात घेतलं आहे. तू एकमताने निवडून आलास. मला मत असतं तर एकमत झालं नसतं.

तू या गावात राहत नाहीस, अशी एकाने हरकत घेतली. मी सांगितलं की माझ्या माडीवर दोन खोल्या आहेत आणि दारं उंच आहेत. हरकत मागे घेतली गेली.

दोन अटी आहेत. इथे शेजारी शेजाऱ्याला फळी विकतो. त्यामुळे इथे फूट आणि इंच दोन्ही मोजायचे, आणि दोन्ही लिहायचे. दुसरी, मला कधी विचारू नकोस की तू त्या दिवशी बरोबर केलंस का. मी रोज स्वयंपाकघरात उभी राहून तोच विचार करते, आणि चुलीत लाकूड सारते, आणि विचार तिथेच राहतो.

राग गेला. कधी गेला ते पाहिलं नाही.

रस्ते वाळले की निघा. लोभ पत्रातून किती दिवस पाठवायचा, येऊन घेऊन जा. आणि कचेरीची फूटपट्टी तुझ्याजवळ राहिली असेल तर निघण्यापूर्वी परत करून ये. राजाचं काही आपल्याकडे राहायला नको.

तुझी ताई,
मेहिटेबल